नेड्रा कॉडिलचे बुधवार

नेड्रा कॉडिलचा कोर्टात कसला खटला नव्हता, जामीनकी नव्हती, साक्षही नव्हती. तरी दर बुधवारी सकाळी ती मॅजिस्ट्रेट ओरिन शुमेट यांच्या कोर्टात दुसऱ्या बाकावर येऊन बसायची. मांडीवर एक पाटी, पाटीला चिमट्याने लावलेले कागद आणि हातात जाड काळा मार्कर. दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला पुकारला की ती सरसावून बसायची. कोणावर काय आरोप होता, सरकारी वकील काय म्हणाली, साहेबांनी काय केलं, पुढची तारीख पडली की निकाल लागला, ते सगळं उतरवून घ्यायची. बाकीच्या खटल्यांना, म्हणजे कुंपणाची भांडणं, चोरलेली तांब्याची तार, थकलेलं घरभाडं वगैरेंना, ती मार्करचं टोपण लावून स्वस्थ बसायची.

हे काम तिला दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध झटणाऱ्या चार्ल्सटनच्या एका संस्थेने दिलं होतं. दिलं म्हणजे तिने मागून घेतलं होतं. पगार नाही, भत्ता नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या डोंगराळ जिल्ह्यात संस्थेला दुसरं कोणी मिळालंही नसतं. सगळेच सगळ्यांना ओळखणारे. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

नेड्राचे डोळे मात्र गेल्यात जमा होते. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसल्यासारखं व्हायचं, कडेचं तेवढं दिसायचं. मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे रोखून पाहिलं तर त्यांच्या खांद्यांवर चेहऱ्याऐवजी एक करडा डाग असायचा. भिंतीवरच्या झेंड्याकडे पाहिलं, तर मग कडेला साहेबांचं टक्कल आणि चष्मा दिसायचा. म्हणून ती कोर्टात कायम झेंड्याकडे बघत बसायची. येणारेजाणारे तिला मोठी देशभक्त समजायचे. कारकून ट्वायला मेडोज हसून म्हणायची, "डोळ्यांत तेल घालून पहारा करणारी बाई आम्हाला मिळाली, आणि नेमके तिला डोळेच नाहीत!" नेड्रा त्यावर म्हणायची, "न्याय ऐकायला कान लागतात, बये."

"तुझं कोण गेलं गं?" हा प्रश्न तिला नेहमी विचारला जाई. असल्या कामाला बाई बसली म्हणजे तिचं पोर तरी गेलेलं असणार, नाहीतर नवरा. नेड्राचं कोणीच गेलं नव्हतं. म्हणजे नवरा गेला होता, पण तो पोटाच्या दुखण्याने. तिचं फुलांचं दुकान होतं, टॅनरी फोर्कच्या पुलाशी. एका मे महिन्यात शाळेच्या नाचाच्या रात्रीसाठी तिने एका मुलीच्या मनगटाला बांधायचा गुच्छ केला. पांढरे गुलाब, मुलीला फिक्कट निळी फीत हवी होती. तो शनिवार. त्याच मुलीच्या शवपेटीवर घालायचं फुलांचं पांघरूण तिने पुढच्या बुधवारी केलं, आणि मुलीच्या आईने तीच निळी फीत मागितली. समोरून येणाऱ्या गाडीतला माणूस प्यालेला होता. त्याआधी दोनदा पकडलाही गेला होता आणि दोन्ही वेळा फारसे प्रश्न न विचारता सोडला गेला होता, हे नंतर कळलं. नेड्राने दुकान आणखी काही वर्षं चालवलं. मग डोळ्यांनी साथ सोडली, दुकान विकलं, आणि घरी बसल्या बसल्या तिला त्या "दोनदा सोडला"ची आठवण छळायला लागली. सोडला म्हणजे कोणी, कुठे, काय बोलून सोडला? कोणी तिथे बसून ऐकलं होतं का?

तर अशी ती जाऊन बसायला लागली.

डोळे नसलेली बाई वीस मैलांवरच्या कोर्टात जायची कशी? त्या जिल्ह्यात बस नाही, आणि टॅक्सी म्हणजे सिनेमात बघायची गोष्ट. तिला हार्लस ब्रॅग न्यायचा. ओढ्यापलीकडे त्याचं घर. जन्मभर कोळशाच्या खाणीत विजेचं काम केलेला माणूस. बायको वारली, मुलं ओहायोला गेली. एकदा नेड्राच्या घरातले दिवे गेले म्हणून तो बघायला आला, दिवे लावून दिले, कॉफी प्यायला आणि मग येतच राहिला. बुधवारी तिला पिकअपमधून कोर्टाच्या दारात सोडायचा. तिचं होईपर्यंत गावातल्या माजी सैनिकांच्या क्लबात पत्ते खेळायचा, आणि दुपारी घेऊन यायचा.

"काय नेड्राबाई, आज किती जणांना फासावर चढवलंत?" परत येताना तो विचारायचा.

"मी कोणाला चढवत नाही. शुमेट काय करतो ते लिहिते फक्त."

"म्हणजे शुमेटला चढवतेस."

"तू रस्त्याकडे बघ. दोघांपैकी एकाने तरी बघायला हवं."

तो खो खो हसायचा. त्याच्या श्वासाला कायम पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास असायचा. नेड्राला तो वास आवडायचा. तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण बुधवारची वाट ती फक्त कोर्टासाठी बघत नव्हती.

त्या वर्षी फेब्रुवारीत संस्थेने अहवाल काढला, आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकाने नेड्राचा भाग पहिल्या पानावर छापला. त्यात नावं नव्हती, शिव्याशाप नव्हते. एवढंच होतं की शुमेटसाहेबांच्या कोर्टात दारू पिऊन गाडी चालवल्याचे दहा खटले आले तर सात "बेदरकारपणे गाडी चालवली" एवढ्यावर मिटतात. म्हणजे दंड भरा आणि घरी जा. लायसन शाबूत, पाटी कोरी, पुढच्या वेळी पुन्हा "पहिलाच गुन्हा".

गावात गहजब झाला. चर्चमध्ये नेड्राच्या शेजारची जागा दोन रविवार रिकामी राहिली. किराणा दुकानात एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली, "माझ्या भावाचं लायसन गेलं तर त्याची पोरं तू पोसणारेस का?" आणि शुमेटसाहेब एकदम कडक झाले. सरकारी वकील आपली सवयीने उठायची, गुन्हा कमी करायला सरकारची हरकत नाही म्हणायची, आणि साहेब नाही म्हणून मान हलवायचे. "आरोप आहे तोच राहील." लायसनं जायला लागली. शनिवार-रविवारच्या कैदेच्या शिक्षा व्हायला लागल्या. नेड्रा लिहीत होती. हार्लस म्हणाला, "झालं, तुझं राज्य आलं."

"माझं कसलं राज्य?"

"अगं, तो निकाल द्यायच्या आधी तुझ्या बाकाकडे बघतो म्हणे. सगळं गाव सांगतंय."

तिला ते दिसत नव्हतं. ते ऐकून बरं वाटलं की वाईट, हेही तिला नीट सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये रानकांद्याचं जेवण होतं. दरवर्षी असतं. डोंगरातून उपटून आणलेले रानकांदे डुकराच्या चरबीत परतायचे. सोबत बटाटे, घेवडा, मक्याचा पाव. दोन दिवस अख्ख्या गावाच्या तोंडाला वास येतो, म्हणून कोणाला कोणाचा येत नाही. नेड्रा कोपऱ्यातल्या टेबलाशी जेवत होती. समोरची खुर्ची ओढून कोणीतरी बसलं. आवाजावरून तिने ओळखलं.

"नेड्रा, माझ्या आईच्या वेळी फुलं तू केली होतीस," शुमेट म्हणाले. "पिवळे डॅफोडिल. आई खूश झाली असती."

"आठवतंय मला."

"पुढच्या महिन्यात मतदान आहे."

"तेही आठवतंय."

शुमेट हसले. माणूस वाईट नव्हता. आधी हार्डवेअरचं दुकान चालवायचे. कायद्याची पदवी नव्हती, पण त्या खुर्चीला ती लागतही नाही, मतं लागतात. "लोक मला काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणतात, शुमेट एका आंधळ्या म्हातारीला घाबरतो."

"मी पूर्ण आंधळी नाही. आणि तुम्हाला मी काय करते? एक शब्द बोललेय कधी कोर्टात?"

"तेच तर! बोलली असतीस तर गप्प बस म्हटलं असतं. तू नुसती बसतेस." त्यांनी पाव मोडला. "हे बघ, मी तुला सरळ सांगतो. लायसन घेणं सोपं आहे. एक सही. पण इथे लायसन गेलं की नोकरी गेली. दवाखाना पंचवीस मैलांवर, दुकान दहा मैलांवर. मी एकाला शिक्षा करतो आणि घरातले सगळे भोगतात. तुझ्या कागदावर याचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग तुम्ही छापून आणा तसं. म्हणा, मी सोडतो, आणि या कारणाने सोडतो. मी तेही लिहीन. लोकांना कळलं पाहिजे, इतकंच माझं म्हणणं." ती जरा थांबली. "त्या नाचाच्या रात्रीच्या मुलीच्या घरचेही सगळेच भोगतायत, ओरिन."

 थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मेच्या पहिल्या बुधवारी हार्लस तिला घ्यायला आला तेव्हा वेळेच्या आधीच आला. वाटेत नेड्राने दोनदा विषय काढून पाहिला, तो हं हं करत राहिला. कोर्टाशी गाडी लावली आणि नेहमीसारखं "चला बाईसाहेब, उतरा" म्हणण्याऐवजी स्वतःच उतरला.

"आज पत्ते नाहीत?"

"नाहीत. येतो आत तुझ्याबरोबर."

ती मनातून सुखावली. तिला वाटलं, शेवटी एकदा बघावंसं वाटलं याला, आपण काय करतो ते. तिने त्याला बाकावर आपल्या शेजारी जागा करून दिली. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याला आफ्टरशेव्हचा वास येत होता. कुंपणाचं एक भांडण झालं, भाड्याचं एक झालं. मग ट्वायलाने पुढचं नाव पुकारलं, आणि नेहमीचा तिचा खणखणीत आवाज मध्येच चिरकला.

"हार्लस डी. ब्रॅग."

तो उठला. बाक हलला. नेड्राच्या हातात मार्कर उघडा होता.

हवालदाराने सांगितलं ते असं. दोन आठवड्यांपूर्वीचा शनिवार. खाणीतल्या एका जुन्या सोबत्याला मूठमाती देऊन सगळे त्याच्या मुलाच्या घरी जमले होते. तिथून परतताना नदीकाठच्या रस्त्यावर ब्रॅगची पिकअप दोनदा पिवळ्या रेघेपलीकडे गेली. थांबवली. वास आला, जीभ जड होती. फुंकायला लावलं तर कायद्याची जी हद्द आहे तिच्या जवळजवळ दुप्पट. कोणाला इजा नाही. उलट बोलला नाही.

सरकारी वकील उठली. "सरकारची गुन्हा कमी करायला हरकत नाही, साहेब. बेदरकारपणे गाडी चालवणे." तिच्या आवाजात फारशी आशा नव्हती. तीन महिने साहेब मान हलवत होते.

 नेड्रा झेंड्याकडे बघत होती. कडेला तिला साहेबांचा चष्मा दिसला. तो तिच्या बाकाकडे वळलेला होता. या वेळी तिला कोणी सांगावं लागलं नाही.

"हार्लस," शुमेट म्हणाले, "बुधवारी या इमारतीत तू कोणाला घेऊन येतोस ते मला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे." मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. "तुझं लायसन घेतलं तर घरी एक माणूस नाही, दोन बसतील. हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय, पण माझं कोण ऐकतं? आरोप कमी केला. दंड भर आणि नीट वाग. पुढचा."

या वेळी सगळेच हसले. साहेब नवं काही बोलले नव्हते. रानकांद्याच्या जेवणात जे म्हणाले तेच चारचौघांत म्हणाले होते, फक्त या वेळी तिला उत्तर देता येत नव्हतं. हार्लस मागे आला, तिच्या शेजारी बसला नाही, भिंतीशी उभा राहिला. नेड्राने लिहायला घेतलं. नाव, आरोप, हवालदाराचं म्हणणं, सरकारचं म्हणणं, निकाल. खाली शेऱ्याला जागा असते. तिथे तिने लिहिलं: आरोपी मला गाडीने कोर्टात आणतो. निकाल देताना मॅजिस्ट्रेटनी हे कारण दिलं.

 

दोघं बाहेर पिकअपशी आली. ती आपल्या जागी बसली. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"लिहिलंस?" त्याने विचारलं.

"लिहिलं."

"सगळं?"

"जे झालं ते. मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो. तू म्हणाली असतीस, मी येत नाही तुझ्या गाडीतून. मग तू आलीच नसतीस, आणि मग मी…" त्याने वाक्य सोडून दिलं.

नेड्रा थोडा वेळ मांडीवरच्या पाटीवर बोटं फिरवत बसली. मग तिने जे विचारलं ते विचारायचं असं तिने ठरवलं नव्हतं.

"हार्लस, क्लबात पत्ते खेळताना काय पितोस?"

त्याने किल्लीवरचा हात काढला.

"कॉफी?"

"कधी कधी कॉफी."

"आणि कधी?"

"एखाद-दोन बिअर. नेड्रा, एखाद-दोन. सगळेच घेतात. मी कधी तुला…" तो थांबला. "एकदा तीन झाल्या होत्या. मार्चमध्ये. त्या दिवशी मी फार हळू चालवली, तुला आठवत असेल. तू म्हणालीस, आज काय मिरवणूक आहे का."

तिला आठवलं. आणि पेपरमिंटचा वास आठवला. जिल्हाभर कोण किती पिऊन गाडी चालवतो याची टिपणं मांडीवर ठेवून ती दर बुधवारी याच जागी बसून घरी गेली होती. पाटी छातीशी धरून, डुलक्या काढत.

तिने दार उघडलं.

"आज मी काहीच घेतलेलं नाही," तो घाईघाईने म्हणाला. "एक थेंब नाही. वास घेऊन बघ."

"वास घेऊन मला काय कळतं ते आत्ताच कळलं," ती म्हणाली आणि उतरली. चाचपडत कोर्टाच्या पायऱ्या चढली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. पिकअप बराच वेळ जागच्या जागी होती. मग तिच्या सुरू होण्याचा आवाज आला. संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर ट्वायलाने तिला घरी सोडलं. ट्वायला वाटभर आपल्या सुनेबद्दल बोलत राहिली, त्याचे नेड्राने मनोमन उपकार मानले.

दुसऱ्या दिवशी तिने चार्ल्सटनला संस्थेत फोन केला. तिचे कागद बघणारी मार्गो टिंगल नावाची बाई होती, हुशार आणि भली. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "नेड्रा, ही एवढी केस आपण वगळू या. तुमचा ओळखीचा माणूस आहे. उद्या कोणी बोट दाखवलं तर सगळ्या कामावर पाणी पडेल."

"इथे मला सगळेच ओळखीचे आहेत. ज्यांच्या ज्यांच्या घरी मेलं कोणी, त्या सगळ्यांना मी फुलं दिलीत."

"तरी पण…"

"वगळायची तर माझे आजवरचे सगळे कागद वगळा. तेही तशाच लोकांचे आहेत."

मार्गोने सुस्कारा टाकला आणि केस ठेवली. वर टीप घातली की निरीक्षकाचा आरोपीशी परिचय आहे. परिचय हा शब्द ऐकून नेड्राला हसू आलं, आणि मग ती बराच वेळ स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिली.

मतदानात शुमेट थोडक्यात निवडून आले. नेड्राने मत कोणाला दिलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. निवडणुकीनंतर साहेब ना पहिल्यासारखे सैल होते ना मधल्यासारखे कडक. कधी आरोप कमी करायचे, कधी नाही. पण कमी केला की आता कारण सांगायचे, मोठ्याने, बाकाकडे तोंड करून. लिहून घेते आहेस ना, असा त्यांचा सूर असायचा. ती लिहून घेत होती. मात्र दर बुधवारी नाही. कधी टपालवाला सोडायचा, कधी ट्वायला वाट वाकडी करून यायची, आणि कधी कोणीच नसायचं. अशा बुधवारी नेड्रा अंगणात बसून ओढ्याचा आवाज ऐकायची. पलीकडे हार्लसच्या घराचं दार उघडायचं, लागायचं. तिला आवाजावरून सगळं कळायचं, फक्त तो इकडे बघतो का ते कळायचं नाही.

जूनमध्ये तो एकदा आला. पायरीखालीच उभा राहिला.

"कोर्टाने सोडलं मला," तो म्हणाला. "दंड भरला. कोर्टाचं समाधान झालं. तुझं कशाने होणार?"

"गाडीला ती फुंकणी बसवून घे."

ज्यांची लायसनं जातात त्यांतल्या काहींना राज्य ते यंत्र लावायला सांगतं. नळीत फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि श्वासात दारू सापडली तर होतच नाही. गावात त्याला सगळे फुंकणीच म्हणत.

"मला? ती शिक्षा झालेल्यांची असते! गावभर मिरवू का, मी दारूबाज आहे म्हणून? न्यायाधीश सोडतो आणि तू शिक्षा देतेस?"

"मी न्यायाधीश नाही, हार्लस. मी शेजारच्या सीटवर बसणारी आहे. कोणाशेजारी बसायचं एवढंच माझ्या हातात आहे."

तो तरातरा निघून गेला. सगळा उन्हाळा ओढ्याच्या दोन्ही काठांवर अबोला होता. तिच्या परसातला दिवा गेला, तो तिने तसाच राहू दिला.

ऑक्टोबरात, झाडं लाल झाली आहेत असं लोक म्हणत होते तेव्हा, एका बुधवारी सकाळी तिच्या दारात पिकअप येऊन थांबली. हार्लस खाली उतरला आणि काही न बोलता दार उघडून उभा राहिला. ती चढली. तिचा हात चुकून एका वळणदार वायरीला लागला.

"बसवलीस?"

"बेक्लीच्या गॅरेजात गेलो होतो. तिथला पोरगा विचारतो, कुठल्या कोर्टाची ऑर्डर? म्हटलं, कोर्टाची नाही. मग कोणाची? म्हटलं, तू वायर जोड बाबा, सगळं सांगत बसलो तर रात्र होईल." त्याने नळी तोंडाला लावली. लांबलचक फुंक मारली. यंत्राने बारीक आवाज केला आणि गाडी सुरू झाली.

वाटेत ते यंत्र मध्येच ओरडायचं. मग बाजूला थांबून पुन्हा फुंकावं लागायचं. पहिल्यांदा ते ओरडलं तेव्हा दोघंही दचकले, आणि मग हार्लसला हसू आवरेना. "बायको गेल्यावर वाटलं होतं, आता वाटेत कोणी टोकणार नाही," तो म्हणाला. नेड्राही हसली. क्लबात जाणं त्याने सोडलं नव्हतं, पण आता तिथे कॉफी पितो म्हणाला. तिने खरं-खोटं विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती, आणि त्यात तिला जेवढं बरं वाटत होतं तेवढंच कुठेतरी खटकतही होतं.

थंडी पडायला लागली. थँक्सगिव्हिंग, म्हणजे सगळ्यांनी घरी एकत्र जेवायचा सण, त्याच्या आदल्या दिवशी बुधवारच होता, आणि सकाळपुरतं कोर्ट होतं. हार्लस आला, ती बसली, त्याने फुंकलं. यंत्राने वेगळाच आवाज केला, जाडा आणि आखूड. गाडी सुरू झाली नाही. थोड्या वेळाने त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा तोच आवाज.

"काल मुलाचा फोन आला होता," हार्लस समोर बघत म्हणाला. "उद्याच्या जेवणाला येणार होते सगळे. येत नाहीयेत. मग जरा बसलो घेऊन. उशिरापर्यंत बसलो. पण इथवर चालत आलो असतो तरी झोक गेला नसता, नेड्रा, मला कळतंय मी ठीक आहे. आत्ता ओढ्यावरून आणली ना गाडी."

"ही सुरूच होत नाही, तर कशी आणलीस?"

"आणली नाही. काल संध्याकाळपासून तुझ्याच दारात आहे. काल सरपण टाकायला आणली आणि इथेच ठेवून गेलो. चालत आलो आत्ता."

 काचेवर दव धरलं होतं. तो नळी हातात घेऊन बसला होता, खाली ठेवावी की नाही हे न सुचल्यासारखा.

"तू जा," तो म्हणाला. "टपालवाल्याला फोन कर. तो अजून निघाला नसेल."

"हे माझ्या कागदावर कुठे लिहीत नाहीत," नेड्रा म्हणाली.

"काय?"

"काही नाही. चल आत. बाहेर गारठा आहे."

तिने घरात जाऊन ट्वायलाला फोन केला, आज येत नाही म्हणून सांगितलं. का, असं ट्वायलाने विचारलं. "गाडी सुरू होत नाहीये," नेड्रा म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग तिने रात्रीपासून भिजत घातलेला घेवडा चुलीवर चढवला, हॅमचा एक हाडाचा तुकडा त्यात टाकला. हार्लस टेबलाशी टोपी हातात घेऊन बसला होता.

"परसातला दिवा गेलाय," ती पाठमोरीच म्हणाली. "जूनपासून."

"दिसतोय मला तो रोज," तो म्हणाला. "बघतो. हात जरा स्थिर होऊ दे."

"होऊ दे. घेवड्याला वेळ आहे."